काय काय बघायचंय, पावणं?

नारायणगावच्या एसटी स्टँडबाहेर मी बारा वर्षं जीप चालवली. नव्वदच्या दशकात सुरू केली, पुढच्या दशकात गुडघ्यांनी संप केला तेव्हा सोडली. या काळात इंजिन दोनदा खोललं, टायर किती बदलले ते आठवत नाही, पण किस्सा मात्र एकही टाकून दिला नाही. ते आपोआप जमतात. गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं, तुटकी कंगवी, कुणाच्या तरी लेकराचा एकच बूट जमत जातो, तसेच. साफ करायला बसावं तर प्रत्येक वस्तूला कुणीतरी पाहुणा चिकटलेला!

पाहुणा म्हणजे पर्यटक. पण तो शब्द सरकारी बोर्डावर लिहायचा. आमच्याकडे पिशवी घेऊन जो एसटीतून उतरला तो पावणा. त्याला पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय बघायचंय, पावणं?" त्याचं उत्तरही ठरलेलं, "सगळं!" आणि सगळं बघून त्याला पाचची एसटी पकडायची असायची. दोन गणपती, एक किल्ला, शंभरावर लेणी, एक घाट आणि मधे जेवण. पाचच्या आत. बांधणाऱ्यांना शेकडो वर्षं लागली, यांना सहा तास पुरायचे.

स्टँडवर आम्ही चौघे पक्के. जुन्नरचे युसूफभाई, वयाने आणि अकलेने मोठे. बेल्ह्याचा बाळू, ज्याचं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं होतं आणि उरलेलं अर्धं बैलबाजाराबद्दल बोलण्यात. डिंगोऱ्याचा तात्या, ज्याच्याबद्दल नंतर सांगतो, कारण त्याला आधी घेतला तर तो दुसऱ्या कुणाला बोलूच देणार नाही. आणि चौथा मी.

नियम दोनच होते. एक, ज्याचा नंबर, त्याचा पाहुणा. पाहुणा कसाही निघो, नाकारायचा नाही. दोन, शिवनेरीवर थाप मारायची नाही. बाकी सगळा तालुका मोकळा!

*

एकदा युसूफभाईंच्या नंबराला पुण्याचे एक अभ्यासू गृहस्थ आले. खांद्याला झोळी, झोळीत तीन पुस्तकं, आणि चेहऱ्यावर अशी नाराजी, की सगळा सह्याद्री यांना न विचारता उभा केलाय. नाणेघाटाला निघाले. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे रस्ता या शब्दाची चेष्टा होती. खड्ड्यातून वर आलं की कळायचं, मघाशी आपण रस्त्यावर होतो.

गृहस्थ सगळ्या वाटेने शिकवत होते. सातवाहन कोण, राणी कोण, लेख कुठल्या लिपीत. युसूफभाई "हां साहेब, हां साहेब" करत होते. तीस वर्षं ते लोकांना तेच सांगत आले होते, पण गिऱ्हाईकाला शिकवण्याची हौस असली तर आपण विद्यार्थी व्हावं, हे त्यांचं तत्त्व.

घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे. गृहस्थांनी त्याच्यावर हात ठेवला. "हे बघा. दोन हजार वर्षांपूर्वी इथून जाणारा प्रत्येक व्यापारी या रांजणात जकात टाकायचा. काय ती प्रशासनव्यवस्था! काय ते नियोजन!"

युसूफभाईंनी एकदा रांजणाकडे पाहिलं, एकदा जीपच्या वाकलेल्या स्प्रिंगपाट्याकडे पाहिलं.

"साहेब, नियोजन तर आजून तेच हाये. वसुली दोन हजार वर्षांमागं झाली, रस्ता तेवढा व्हायचा राहिलाय!"

गृहस्थांनी परतीच्या वाटेवर काही शिकवलं नाही.

*

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. मुंबईचं एक जोडपं बाळूच्या नंबराला आलं; माझी जीपही तिथे शेजारीच उभी होती. साहेबांचं पोट साहेबांच्या पुढे दोन पावलं चालायचं. पायऱ्या बघून त्यांनी बाळूला विचारलं, "वर गाडी जात नाही?"

"वर गणपती हाये साहेब, गॅरेज न्हाई."

बाईसाहेब एकट्या चढल्या. साहेब जीपमध्ये पाय लांब करून बसले आणि बाळूला म्हणाले, "वर काय काय आहे ते सांग. घरी सगळे विचारतील."

आता गंमत अशी, की बाळू आठ वर्षं तिथे गाडी लावत होता आणि एकदाही वर गेला नव्हता. माकडं सीट फाडतात म्हणून गाडी सोडायची नाही, हे त्याचं कारण. पण साहेबांनी इतक्या भरवशाने विचारलेलं! बाळूने मग लेणं सांगायला घेतलं ते बाजारात खोंड सांगावा तसं. पुढून कसं, मागून कसं, छाती केवढी, खांब किती मजबूत. आणि रंगात येऊन शेवटी म्हणाला, "आन मागच्या अंगाला एक बारीक दार हाये. ते लई जनांना दिसत न्हाई. त्यातून आत वाकून बघितलं की खाली पार ओझर दिसतंय!"

बाईसाहेब घामाघूम होऊन खाली आल्या. साहेबांनी पाणी विचारायच्या आधी विचारलं, "मागचं दार पाहिलंस?"

"कुठलं दार?"

"म्हणजे पाहिलंच नाहीस! मुख्य तर तेच आहे. मग एवढं चढून केलंस काय?"

माणसाने न चढता एवढा आवाज चढवावा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाळूचा चेहरा पांढराफटक पडला. तो तोंड उघडणार तेवढ्यात बाई ताडकन वळल्या आणि पुन्हा पायऱ्या चढायला लागल्या! तीनशेच्या तीनशे!

पाऊण तासाने त्या खाली आल्या. बाळू मान खाली घालून शिव्या खायला तयार होता. बाईंनी शांतपणे जीपमध्ये बैठक मारली, पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पाहिलं. छान आहे. ओझर अगदी स्पष्ट दिसतं. तुम्ही यायला हवं होतं."

साहेब पुढची तीन ठिकाणं गाडीतून उतरून बघत गेले.

*

आंबेगावकडून डिंभ्याच्या धरणावरून भीमाशंकरला जायचं, तर पाहुण्यांना देवापेक्षा शेकरू बघायची घाई. झाडावरची ती मोठी तांबूस खार. कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं, की झालं! आम्ही लहानपणापासून तिला ओळखतो, पण तिच्यासाठी लोक गाडी करून येतील असं तिलाही वाटलं नसेल.

ठाण्याचा एक ग्रुप माझ्या नंबराला आला. सहाजण, एक कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल. मोबाइलमध्ये फोटो निघायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे एकेक फोटो जपून. म्हणजे मला वाटलं जपून. घोडेगावात ग्रुपमधल्या एका वहिनींचा जीपला टेकून फोटो. डिंभ्याला वहिनींचा धरणाला टेकून फोटो. तिथून पुढे जे जे टेकण्यासारखं दिसलं त्याला वहिनी टेकल्या. भीमाशंकरच्या जंगलात शिरलो तेव्हा रोलमध्ये दोन फोटो उरले होते, आणि तेही वहिनींनी गॉगल काढून एक आणि घालून एक असे संपवले.

मग तीन तास शेकरूचा शोध. वर बघून बघून सगळ्यांच्या माना आखडल्या. ग्रुपमधले एक काका मला म्हणाले, "तुम्ही लोक फसवता. इथे शेकरू नाहीच!"

शेवटी बटाटेवडे काढून सगळे खायला बसले. आणि शेकरूबाई आल्या! माझ्या जीपच्या बॉनेटवर येऊन बसल्या, शेपटी पसरून, दोन हातांत कसलंसं फळ धरून, फोटोला बसतात तशा. हाताच्या अंतरावर! सगळे थिजले. काकांनी कॅमेरा उचलला, खटका दाबला, दाबला, परत दाबला. रोल संपलेला.

शेकरूने चांगली पाच मिनिटं वाट पाहिली. मग कंटाळून निघून गेली.

काका माझ्याजवळ आले. आवाज एकदम मऊ.

"भाऊ, आम्ही उद्या रोल घेऊन येतो. तुम्ही फक्त हिला याच वेळेला आणता का?"

*

पुढे बिबट्यांचे दिवस आले. उसात बिबट्या, ओढ्याला बिबट्या. आमच्याकडची माणसं दिवेलागणीच्या आत घरात, आणि पुण्याहून फोन, "बिबट्या नक्की दिसेल ना? मुलांना सुट्टी आहे."

एका गृहस्थांनी बाळूला खोदून खोदून विचारलं, अगदी खात्रीने कुठे दिसेल. बाळू म्हणाला, "आमच्या आळीत एकाला दिसलाय. त्याला विचारू, पन खिडकीतून विचारावं लागंल. चार दिस झालं, तो दार उघडत न्हाई!"

*

बाळूचं नाव निघालं म्हणून तो गोरा सांगतोच.

एक उंच, लालबुंद, अतिशय सज्जन गोरा पाठीला बोचकं बांधून उतरला. हातात कागद, कागदावर तुळजा लेणी, मानमोडी, अंबा-अंबिका अशी सगळी लेण्यांची नावं. बाळूने कागद वाचला, घडी घातली आणि त्याच्या खिशात परत ठेवला. कारण तो बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता.

मी म्हटलं, "बाळ्या, त्याला लेणी बघायचीत."

"लेणी कुठं पळून जात्यात? बाजार आठवड्यातनं एकदाच!"

गोऱ्याला कळलं नाही की आपल्याला लेणी म्हणून बैलबाजारात आणलंय. किंवा कळलं आणि आवडलं. बाळू त्याला बैलांचे दात दाखवत होता, शेपटीचा गोंडा दाखवत होता, आणि तो प्रत्येक बैलापुढे हात जोडत होता.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. व्यापारी आणि गिऱ्हाईक हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि त्या उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळत नाही. गोऱ्याने हे पाहिलं आणि तो हरखला. त्याला वाटलं, ही इथली नमस्काराची पद्धत! त्याने पुढच्या व्यापाऱ्याकडे हसून हात पुढे केला. व्यापाऱ्याने उपरणं टाकलं. बोटं दाबली. गोऱ्याने प्रेमाने दुप्पट जोरात दाबली. व्यापाऱ्याने पुन्हा दाबली. गोऱ्यानेही दाबली.

दोन मिनिटांत खिल्लारी बैलजोडीचे कासरे गोऱ्याच्या हातात आले! बैलांच्या कपाळाला गुलालसुद्धा लागला.

मग तो गोंधळ काय सांगावा. व्यापारी म्हणतो सौदा झाला. गोरा हसतोय. लोक म्हणतात मोडायचा नाही, बाजाराची अब्रू आहे. शेवटी युसूफभाईंना जुन्नरहून बोलावून आणलं. त्यांनी तासभर दोन्ही बाजूंना समजावून कासरे परत केले. गोऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, एवढी मोठी भेट मिळाली आणि परत गेली.

सगळं शांत झाल्यावर युसूफभाईंनी बाळूला फैलावर घेतलं. लाज आहे का, परदेशी पाहुणा, तालुक्याचं नाव. बाळूने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ते सगळं खरं भाई, पन गोऱ्यानं भाव एक नंबर लावला व्हता! मी आसतो तर धा टक्के जास्त देऊन बसलो आसतो."

*

आता तात्या.

तात्या थाप मारायचा असं म्हणणं म्हणजे मासा पोहतो असं म्हणणं. ज्या गोष्टीचा इतिहास ठाऊक नाही ती पांडवांनी बांधली, एवढं आमच्याकडे सगळेच सांगतात. तात्या पांडवांचं वेळापत्रक सांगायचा. कुठे जेवले, कुठे आंघोळ केली, भीमाला कुठे ठेच लागली.

खोडदला आकाशातलं ऐकायच्या त्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. शास्त्रज्ञ त्या हव्या तशा वळवतात. तात्या लांबून रस्त्यावर गाडी उभी करायचा आणि पाहुण्यांशी गप्पा मारत डोळ्याच्या कोपऱ्यातून तबकडी बघत राहायचा. ती जराशी हलायला लागली रे लागली, की याने हॉर्न दाबलाच! तीनदा. आणि तबकडी हळूहळू मान फिरवायची.

पाहुणे टाळ्या वाजवायचे. "परत! परत वाजवा ना!"

"आता न्हाई. गाडीमागं रोज एकदाच परवानगी हाये," तात्या गंभीरपणे सांगायचा.

अशा माणसाची, त्याच्या उभ्या आयुष्यातली एक गोष्ट आता सांगतो. त्या दिवशी माझी जीप गॅरेजमध्ये होती आणि मी नुसताच तात्याशेजारी पुढच्या सीटवर बसलो होतो, म्हणून मला ही पहिल्यापासून ठाऊक आहे.

तात्याची थोरली लेक सुनंदा डी.एड. होऊन गावाजवळच्या शाळेत शिकवत होती. त्या दिवशी चार वाजता तिला बघायला भोसरीहून पाहुणे येणार होते. हे तिसरे. सुनंदा सहा वर्षांची असताना स्टो भडकला आणि तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. हात चालतो, सगळं काम करतो, पण डाग राहिला. पहिले पाहुणे तो हात बघून "कळवतो" म्हणून गेले. दुसऱ्या वेळी मी तिथे होतो. पोह्यांच्या बशा अर्ध्या टाकून माणसं उठली आणि सुनंदा एक शब्द न बोलता त्या बशा घासत बसली. मला फार वाईट वाटलं. तात्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोठ्यात होता.

या वेळी मध्यस्थाने बजावून ठेवलं होतं, हाताचं आधी बोलायचं नाही. फोटोही असा काढलेला, की हात मागे.

"घरी थांबायचं सोडून स्टँडवर कशाला आलास?" मी विचारलं.

"चारपर्यंत घरात बसून करू काय? जीव घाबरा व्हतो. एक फेरी मारतो आन जातो."

पहिल्याच नंबराला पाचजण एसटीतून उतरले. एक वयस्कर गृहस्थ, त्यांची ठसठशीत बहीण, एक मामा, एक जावई आणि एक गप्प तरुण. ओझर, लेण्याद्री, शिवनेरी करायचं आणि शेवटी डिंगोऱ्याला सोडायचं. तात्या खूश. घरच्या वाटेचंच भाडं! संशय यायचं कारण नव्हतं, कारण मध्यस्थाने तात्याला सांगितलं होतं की पाहुणे स्वतःच्या मोटारीने येणार.

ओझरपर्यंत तात्या फॉर्मात होता. रस्त्याकडेचा एक वड दाखवून म्हणाला, "हिथं पांडव दुपारचं पडायचं." त्या बाई, त्यांना सगळे आत्या म्हणत होते, खाली उतरून वडाच्या पाया पडून आल्या. पुढे एका खडकातला खळगा द्रौपदीचं उखळ झाला. त्यालाही नमस्कार.

ओझरचं दर्शन झालं. गाडी लेण्याद्रीच्या वाटेला लागली आणि आत्यांनी विचारलं, "ड्रायव्हर, तुम्ही गावचे कुठले?"

"डिंगोऱ्याचाच की."

"अगं बाई! मग बरं झालं. दत्तात्रय सखाराम म्हणून आहेत तिथे, त्यांची मुलगी बघायची आहे आमच्या अविनाशला. कसं आहे हो घर?"

तात्याचं खरं नाव स्टँडवर फक्त मला माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर समोर रस्त्यावर. गाडीचा वेग कमी होत होत बैलगाडीएवढा झाला. मला वाटलं, आता बघा! जो माणूस हॉर्न वाजवून तबकडी फिरवतो, तो स्वतःचं घर कुठे नेऊन ठेवेल! वाडा, विहीर, दारात हत्ती, काहीही सांगितलं असतं तरी या लोकांनी उतरून नमस्कार केला असता.

"घर साधं हाये," तात्या म्हणाला.

"बागायतदार आहेत ना?" ते वयस्कर गृहस्थ, अविनाशचे वडील, मागून म्हणाले.

"दीड एकर. पानी आठ म्हैने."

"स्वतःची गाडी आहे म्हणाले."

"हाये. जुनी जीप."

"आणि वडील कसे आहेत मुलीचे?"

तात्याने गिअर बदलला. "माणूस वाईट न्हाई. पन लई थापा मारतो."

मामा खो खो हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लेण्याद्री झालं. शिवनेरी झालं. तात्याने दोन्हीकडे विचारलं तेवढंच सांगितलं. किल्ला उतरून सगळे गाडीत बसले आणि आत्या पुढे वाकून म्हणाल्या, "आणि मुलगी? तुम्ही गावातले, तुम्ही बघितली असेल."

तात्याने चावी फिरवली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला.

"पोरगी हुशार हाये. शाळेत शिकवती. बोलती ते खरं बोलती, बापावर न्हाई गेली. आन तिचा डावा हात भाजल्याला हाये. मनगटापास्नं कोपरापर्यंत. ल्हानपनी स्टो भडकला व्हता. त्याच हातानं सगळं काम करती. फोटूत दिसत न्हाई, म्हनून सांगतो."



"मध्यस्थ तर काही बोलला नाही," वडील म्हणाले.

"तो न्हाई बोलनार." तात्या मागे वळला. "माघारी फिरायचं आसंल तर आत्ताच सांगा, पावणं. नारायणगावाला साडेतीनची एसटी गाठून देतो. तिथं जाऊन बशा टाकून उठू नका."

मागे बराच वेळ कुजबुज चालली. मामांचा आवाज वाढला, जावयाने त्यांना गप्प केलं. मला वाटलं, संपलं. शेवटी तो गप्प तरुण, अविनाश, म्हणाला, "जायचं म्हटलंय तर जाऊ." एवढंच. त्याच्यावरून होकार म्हणावा की नकार, काही कळेना. तात्याने चावी फिरवली.

डिंगोऱ्यात गाडी एका दारापुढे थांबली. तात्या उतरला आणि सरळ आत गेला.

"अहो, हा ड्रायव्हर लोकांच्या घरात कुठे शिरला?" मामांनी मला विचारलं. मी समोरची काच पुसायला घेतली.

आतून तात्याच्या बायकोचा आवाज आला, "कुठं व्हता दिसभर? पावणं येतील की आत्ता!"

मिनिटभराने तात्या बाहेर आला. धुतलेलं तोंड, डोक्यावर नवी टोपी, दोन्ही हातांत पाण्याची बादली आणि तांब्या.

"या, पावणं. मी दत्तात्रय सखाराम."

गाडीतून कुणीही उतरलं नाही. वडील एकदा टोपीकडे बघत होते, एकदा स्टिअरिंगकडे. मामांचं तोंड उघडंच.

आत्यांनाच आधी वाचा फुटली. "म्हणजे... अहो, मग तो पांडवांचा वड?"

"खोटं, आत्याबाई. माझ्यादेखत रस्तेवाल्यांनी लावलाय."

"आणि द्रौपदीचं उखळ? मी डोकं टेकवलं त्याच्यावर!"

"तेबी खोटं." तात्याने बादली खाली ठेवली. "सकाळपास्नं समदं खोटं सांगितलं. पोरीचं तेवढं खरं हाये."

 आत्या निऱ्या सावरत खाली उतरल्या, तात्याच्या हातातून तांब्या घेतला, पायांवर पाणी ओतलं आणि उंबऱ्यात उभ्या राहून आत हाक मारली, "सुनंदा, पोहे आण गं बाळ! आणि बाह्या वर करून ये, आत किती उकडतंय!"